धुरांड्यातलं पोतं

देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांना धुरांडी आहेत. छातीचे आजार झालेली माणसं हवापालटासाठी तिथे येऊन राहायची, त्या काळातले हे बंगले. जाड विटांच्या भिंती, वर कौलं, पुढे लांब व्हरांडा आणि बसायच्या खोलीत भिंतीतच केलेली शेगडी. शेगडीचा धूर भिंतीच्या पोटातून वर जायचा आणि कौलांवर चार-पाच फूट उभ्या असलेल्या धुरांड्यातून बाहेर पडायचा. मी कामाला लागलो तेव्हा, म्हणजे नव्वदच्या आसपास, त्यातली बहुतेक बंद होती. कुणात मधमाश्यांचं पोळं, कुणात पारव्यांची घरटी, आणि विटांच्या फटीतून वर आलेला पिंपळ तर जवळजवळ प्रत्येकात.

चुन्याचं काम मी मामाकडून शिकलो. मामा म्हणायचा, "जुन्या विटेला सिमेंट लावशील तर ते एक तर सोडून देईल, नाहीतर विटेचं तोंड घेऊन खाली येईल." त्याचे गुडघे गेल्यावर वर चढणारा मी एकटाच राहिलो. बाकीचे गवंडी नाशिकरोडला फ्लॅटच्या कामांवर गेले होते. त्यामुळे कॅम्पात कुणाचं धुरांडं कललं की आमच्या वस्तीत निरोप यायचा.

आमची वस्ती बौद्धांची. माझे वडील कारखान्यात झाडलोट करायचे. हे इथे सांगतो आहे त्याला कारण आहे. फाटकाबाहेर उभं राहणं म्हणजे काय, काही हरवलं की आधी आपल्याकडे पाहिलं जातं म्हणजे काय, हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. तरीही मी जे केलं ते केलं.

माझ्याबरोबर काम करणारा माणूस सुरगाण्याकडचा होता. वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्याचं नाव इथे लिहीत नाही. एकदा ते नाव मी नको त्या जागी घेतलं, तेवढं पुरे. भात आणि नागली घरात आली की दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन नाशिकला यायचा. पहिल्या वर्षी तो नुसता विटा आणि माल वर आणून द्यायचा. दुसऱ्या वर्षी मी त्याला दर्जा भरायला दिल्या, म्हणजे विटांमधल्या फटीत चुना दाबून बसवायचं काम. तिसऱ्या वर्षी तो थर लावायला लागला. मी मुद्दाम शिकवलं असं म्हणणार नाही. तो बघून शिकला. उंचीची त्याला भीती नव्हती. धुरांड्याच्या तोंडावर तो बैलगाडीच्या दांडीवर बसावं तसा आरामात बसायचा आणि तिथूनच मला हाक मारायचा, "मिस्तरी, हा थर एक सूत बाहेर गेलाय, बघा." बघितलं तर गेलेला असायचा.

आम्ही एका डब्यात जेवायचो. त्याची बायको नागलीची भाकरी करायची, माझ्या घरून कालवण यायचं. चार हिवाळे असे गेले.

चौथ्या हिवाळ्यात बाईंचं काम आलं. बाई म्हणजे कॅम्पातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. सगळा कॅम्प त्यांना बाईच म्हणायचा. लग्न केलेलं नव्हतं. रेल्वेतून निवृत्त झालेला मोठा भाऊ त्यांच्याजवळ राहायचा. त्याला दमा होता आणि थंडीत पाय इतके आखडायचे की काठी घेऊनही दोन खोल्या ओलांडणं त्याला जड जायचं.

बाई म्हणाल्या, "या वर्षी मला ती शेगडी पेटवायची आहे. त्याचे पाय शेकले तर निदान चालेल तरी. धुरांडं नीट करून दे. घाई नाही, पण नीट."

धुरांडं एका बाजूला कललं होतं. पिंपळाचं मूळ मधोमध शिरून विटा फाकल्या होत्या. वरचे चार फूट उतरवायचे, मूळ खणून काढायचं, चुन्यात पुन्हा थर चढवायचे आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून वर चार छोटे खांब करून त्यावर फरशी ठेवायची, असं काम ठरलं. भाऊंचा पलंग शेगडीच्याच खोलीत होता. काजळी आणि विटांचे तुकडे खाली येऊन त्यांना त्रास होऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही खालून शेगडीच्या घशात एक पोतं कोंबलं. ते त्याने कोंबलं.

तिसऱ्या दिवशी तो कामावर नव्हता. बायकोला ताप होता म्हणून तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला होता. मी एकटाच वर होतो. मूळ उपटताना मोठे तुकडे आत पडायला लागले. खालचं पोतं घसरेल असं वाटलं, म्हणून मी वरून हात घालून आणखी एक पोतं आत दाबलं. हातभर खाली आत विटांचा एक कंगोरा होता, त्यावर ते घट्ट बसलं. ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही वाटलं नाही.

काम दहा-अकरा दिवस चाललं. शेवटच्या दिवशी सकाळी मला ते पोतं आठवलं होतं. हे मी स्वतःशी कितीदा तरी तपासून पाहिलं आहे. विसरलो, असं म्हणणं सोपं आहे, पण सकाळी आठवलं होतं. खांब झाले की आकडा टाकून ओढू, असं मनात म्हटलं. मग दहाच्या सुमाराला निरोप आला. नाशिकरोडला फ्लॅट बांधणाऱ्या एका ठेकेदाराने मला मुकादम म्हणून बघायला बोलावलं होतं, दुपारीच. त्यानंतर माझे हात धुरांड्यावर होते आणि डोकं नाशिकरोडला. घरी जाऊन शर्ट बदलायचा, चुन्याने फाटलेले हात तेलाने पुसायचे, काय बोलायचं, हेच चाललं होतं. खांब उभे केले, फरशी ठेवली, कड भरली.

तो खाली गेला, खालचं पोतं काढून मला दिसेल असं अंगणात टाकलं, शेगडी झाडून स्वच्छ केली. मग अंगणात येऊन वर बघत म्हणाला, "मिस्तरी, जरा कागूद पेटवून बघू का? धूर वर वढतो का नाय ते कळंल."

हे आम्ही प्रत्येक धुरांड्याला करायचो. मामाची शिस्त होती ती.

मी म्हणालो, "नको. चुना ओला आहे अजून. मी बघितलंय, ठीक आहे."

"बरं," तो म्हणाला.

त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीने तो गावी गेला. वडील आजारी होते. जाताना म्हणाला, होळीच्या आधी येईन.

मला मुकादमाचं काम मिळालं.

पुढे महिन्याभराने कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी बाईंचा माळी सायकलवर वस्तीत आला आणि म्हणाला, "चल, बाईंनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

वाटेत त्याने सांगितलं ते असं. बाईंनी सकाळी शेगडी पेटवली. खोलीने ऊब धरावी म्हणून दार लावून घेतलं आणि दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेल्या. परत आल्या तर दाराच्या फटीतून धूर येत होता. आत भाऊ दारापर्यंत पोहोचायच्या धडपडीत पलंगावरून पडले होते. बाईंनी त्यांना चादरीवर घेऊन ओढत व्हरांड्यात आणलं. मग पुन्हा आत जाऊन जळती लाकडं बाहेर काढताना त्यांचे दोन्ही तळवे भाजले. भाऊंच्या मांडीचं हाड खुब्यात मोडलं होतं. त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

माळी हे सांगत होता तेव्हाच मला पोतं दिसलं. दिसलं म्हणजे डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी सायकलच्या मागे बसलो होतो. उतरून पळून जावं असं वाटल्याचं आठवतं. पण बसून राहिलो.

बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. दोन्ही हातांना पट्ट्या. त्यांनी पट्टी बांधलेला हात धुरांड्याकडे केला. माळ्याने शिडी धरली. मी वर चढून फरशी उचकटली आणि लोखंडी आकडा आत टाकला. पोतं एका झटक्यात निघालं नाही. त्यावर चुना आणि विटांचे तुकडे साचून ते दगडासारखं झालं होतं. खालच्या बाजूने करपलं होतं. ते घेऊन खाली उतरेपर्यंत बाई अंगणात येऊन उभ्या होत्या.

"हे कोणी ठेवलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. वर्गात फुटलेली काच पाहून विचारावं तसा.

मी म्हणालो, "तो सुरगाण्याचा होता ना माझ्याबरोबर, त्याने ठेवलं असणार." आणि त्याचं नाव घेतलं.

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. ते तोंडातून निघालं. पण एकदा निघाल्यावर मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. खोटं एकटं उभं राहत नाही, त्याला टेकू लागतो, म्हणून मी आणखी बोललो. "मी त्याला काढायला सांगितलं होतं. तो हो म्हणाला होता." आणि तरी बाई माझ्याकडेच बघत आहेत असं पाहून म्हणालो, "जंगलातली माणसं बाई, सांगितलेलं डोक्यात राहत नाही त्यांच्या."

माळी बाजूला उभा होता. त्याने मान हलवली.

बाई म्हणाल्या, "त्याला पुन्हा माझ्या फाटकात आणू नकोस." मग माझ्या हातातल्या पोत्याकडे बघून म्हणाल्या, "तू आलास लगेच, ते बरं केलंस."

मी फरशी परत बसवली. या वेळी कागद पेटवून धूर वर ओढतो का ते पाहिलं. ओढत होता. त्या शेगडीत बाईंनी पुन्हा कधी जाळ केला नाही, हे मला फार पुढे कळलं.

भाऊ दवाखान्यातून घरी आले, पण पुन्हा उभे राहिले नाहीत. मी दोनदा त्यांना भेटायला गेलो. लोक म्हणाले, गवंडी असून विचारपूस करायला येतो, चांगला माणूस आहे. भाऊ पडल्या पडल्या म्हणायचे, "अरे, तुझा काय दोष." मी मोसंबी घेऊन गेलो होतो. ती पिशवी पलंगाखाली ठेवून मी निघालो.

तो होळीच्या आधी आला. मी तोवर नाशिकरोडच्या साइटवर पक्का झालो होतो. तो बायकोला घेऊन थेट कॅम्पात गेला, कारण त्याने मनाशी एक ठरवलं होतं. गावाकडून येताना त्याने स्वतःची थापी आणि ओळंबा विकत घेतला होता. मिस्तरी मोठ्या कामावर गेला, तर धुरांड्यांची छोटी कामं आपण करू, असा त्याचा विचार. त्याला ते येत होतं. माझ्याहून सरळ थर लावायचा तो.

पण माळ्याने चार बंगल्यांच्या माळ्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी आपापल्या मालकांना. कुणी फाटक उघडेना. शेवटी तो बाईंकडे गेला. तिथे काय झालं ते मला त्याच्याकडून त्याच दिवशी कळलं, कारण तो चालत नाशिकरोडला आला.

मी दुसऱ्या मजल्यावर सेंट्रिंग तपासत होतो. तो खाली वाळूच्या ढिगाजवळ उभा राहिला. मी उतरून गेलो.

"मिस्तरी," तो म्हणाला, "बाई म्हणत्यात मी पोतं आत ठिवलं. त्यांचा भाऊ माझ्यापायी पडला. कोणतं पोतं? मी तर काढलं होतं. तुमच्या डोळ्यांपुढं काढलं."

"हो, काढलं होतंस."

"मंग?"

"त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल," मी म्हणालो. "मी बोलतो त्यांच्याशी."

"बोला. तुमचं ऐकतील त्या." त्याचा चेहरा मोकळा झाला. "चार लोकांपुढं लय बोलल्या. माझी बायको होती संगं."

मी पुन्हा म्हणालो, बोलतो. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. मी म्हणालो, वेळ झाला नाही. तिसऱ्या दिवशी आला. मी म्हणालो, बाई भेटल्या नाहीत. चौथ्या दिवशी तो येताना मला वरून दिसला. मी वॉचमनला सांगितलं, "मी नाही म्हणून सांग." आणि जिन्याच्या भिंतीमागे उभा राहिलो. ती भिंत मीच बांधून घेतली होती, अजून गिलावा व्हायचा होता. विटांच्या फटीतून मला तो दिसत होता. वॉचमन काहीतरी बोलला. त्याने वर बघितलं. ठेकेदाराने मला दिलेली मोटारसायकल, त्याने तीन दिवस पाहिलेली, तिथेच खाली उभी होती, ही गोष्ट माझ्या लक्षात तेव्हा आली. त्याने गाडीकडे बघितलं, मग थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि निघून गेला. पाचव्या दिवशी तो आला नाही.

ते दोघं गुजरातकडे गेल्याचं मी त्याच्या गावच्या एका मजुराकडून ऐकलं. ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या सुटल्यासारख्या वाटण्याची.

पुढची सात-आठ वर्षं माझी चांगली गेली. मुकादमाचा ठेकेदार झालो. वस्तीत पक्कं घर बांधलं. जयंतीला मंडळाचे लोक स्टेजवर बोलवायचे, आणि मी चार शब्द बोलायचो, माणसाला माणूस म्हणून वागवण्याबद्दल. बोलताना अडखळायचो नाही. नंतर घरी येऊन जेवण जायचं नाही. बायको विचारायची, काय झालं. मी म्हणायचो, पित्त.

बाईंचे भाऊ मध्येच कधीतरी वारले. त्यानंतर दोन-एक वर्षांनी बाईंचा फोन आला. व्हरांड्याची भिंत पुढे झुकली होती. "तू आता मोठी कामं घेतोस हे ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या, "पण चुन्याचं काम दुसऱ्या कुणाला येत नाही. एकदा बघून जा."

गेलो. बाई सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. पुण्याहून त्यांची भाची आलेली होती. मी भिंतीला ओळंबा लावून बघत होतो आणि बाई भाचीला माझी ओळख करून देत होत्या. "हा फार प्रामाणिक. दादाच्या वेळी त्या मजुराने घोटाळा केला, पण हा निरोप मिळाल्याबरोबर धावत आला. स्वतः वर चढून पोतं काढलं. दवाखान्यातून आल्यावर भेटायलाही येऊन गेला."

मी ओळंबा खाली ठेवला आणि म्हणालो, "बाई, ते पोतं मी ठेवलं होतं."

त्यांना कळलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं. पहिल्या पोत्यापासून सगळं सांगितलं. तो दवाखान्यात गेला तो दिवस, कागद पेटवून बघू का म्हणाला ते, मी नको म्हणालो ते, वॉचमन, सगळं. भाची खुर्चीवरून उठून आत गेली. बाई बसून राहिल्या. मी उभाच होतो.

मग त्या म्हणाल्या, "कामात चूक होते. दादाच्या बाबतीत मी तुला आज ना उद्या माफ करीन. पण त्या माणसाला मी फाटकात उभं करून बोलले. त्याची बायको शेजारी होती. गरोदर होती ती, मला दिसत होतं. तरी मी बोलले. जंगलातली माणसं, असं म्हणाले मी. तीस वर्षं मुलांना शिकवलं मी, आणि असं म्हणाले. ते शब्द तुझे होते, पण तोंड माझं होतं. त्याचं मी काय करू, सांग."

मी खाली ठेवलेला ओळंबा उचलून दोरी गुंडाळायला लागलो.

"त्याचं गाव ठाऊक आहे तुला?"

"आहे."

"मग चल."

मी म्हणालो, मी एकटा जाऊन येतो, तुमचं वय झालं, रस्ता घाटाचा आहे. त्या म्हणाल्या, "तू एकटा जाशील यावर माझा विश्वास नाही." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. खरं होतं तेच म्हटलं.

उन्हाळ्यात तो गुजरातहून घरी येतो असं त्याच्या गावच्या मजुराकडून कळलं, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो. मी गाडी ठरवायला निघालो होतो, पण बाईंना ते नको होतं. वणीवरून सुरगाण्याची एसटी आणि तिथून पुढे जीप. जीपमध्ये बाईंना पुढे जागा मिळाली, मी मागे लटकलो होतो. उन्हाळ्याचे दिवस होते, शेतं मोकळी, पेरणीआधी राब, म्हणजे पालापाचोळा, भाजल्याचे काळे पट्टे उतारावर दिसत होते. पाड्यावर पोहोचल्यावर कुणालाही विचारावं लागलं नाही. तो पहिल्याच घरापुढे कुडाच्या भिंतीला माती लिंपत बसला होता.

त्याने मला लगेच ओळखलं. हात मातीचे होते, ते तसेच धरून उभा राहिला. मग बाईंकडे बघितलं आणि आत हाक मारली. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बाईंना पाहून ती दारातच थांबली. मग पुढे येऊन तिने दोघांनाही पाणी दिलं. तिथे पाणी सगळ्यांनाच देतात. पण माझ्या हातात तांब्या देताना तिने तोंड फिरवलं होतं.

बाईंनी खाट नको म्हटलं. उभ्यानेच हात जोडले आणि म्हणाल्या, "मी तुला जे बोलले ते खोटं होतं. मला माफ कर म्हणत नाही, पण ते खोटं होतं एवढं तुझ्या दारात येऊन सांगायचं होतं."

तो गडबडला. त्याने हात लुंगीला पुसले आणि बाईंना जवळजवळ धरून खाटेवर बसवलं. "असं नका करू बाई. म्हातारं माणूस तुम्ही, इतक्या लांब आलात."

मग माझी पाळी होती. मी वाटभर जुळवलेली वाक्यं विसरून गेलो. म्हणालो, "दुसरं पोतं मी ठेवलं होतं. तू दवाखान्यात गेलास त्या दिवशी. आणि नाव तुझं सांगितलं."

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तुमची गाडी खाली होती आन् वॉचमन म्हणाला तुम्ही नाय. तवाच कळलं." तो खाली बसला. "पोतं राहिलं, ते हुतं. माझ्याकडनं बी राहिलं असतं. एक सांगा. जंगलातली माणसं, ते आधी कोण म्हणालं, बाई का तुम्ही?"

बाई काही बोलणार होत्या. मी त्यांच्या आधी म्हणालो, "मी."

त्याने मान हलवली. मग त्याची बायको दारातून बोलली, माझ्याकडे न बघता, नवऱ्याला सांगावं तशी. "त्यांना सांग ना, तवापास्नं थापी हातात धरली नाय म्हनून. गुजरातला बिगारीच करतोस. कोनी म्हनलं येतं का गवंडीकाम, तर नाय म्हनून सांगतोस."

"कशाला आता," तो म्हणाला.

मी म्हणालो, माझ्याकडे चल. माझ्याकडे चार साइट आहेत, गवंडी म्हणून ये, उद्यापासून. बोलतानाच मला माझा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला, स्टेजवरचा.

"तुमच्याकडं नको, मिस्तरी," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. "ज्यांना सांगितलं हुतं माझं नाव, त्यांना जाऊन सांगा. तेवढं करा."

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी मागच्या बाकावर.

मी सांगायला गेलो. एकेका बंगल्यावर जाऊन. एव्हाना दोन बंगले पाडून तिथे इमारती झाल्या होत्या. एका ठिकाणी मालक बदलले होते. त्यांना मी कशाबद्दल बोलतो आहे हेच कळेना, आणि त्यांनी मला पाणी विचारलं. ज्याने शिडी धरली होती तो माळी आता एका लॉनवर पाणी मारायच्या कामाला होता. मी सगळं सांगितलं. तो हसला. "अहो शेठ, कोणाच्या लक्षात आहे आता? सोडून द्या." मला शेठ म्हणाला तो. मी त्याला म्हणालो, लक्षात असो नसो, तू एवढं लक्षात ठेव की तो माणूस नव्हता. त्याने मान हलवली, त्या दिवशी हलवली होती तशीच, आणि पाइप दुसऱ्या वाफ्यात सोडला.

वस्तीतही सांगितलं, मंडळाच्या बैठकीत. एक जण म्हणाला, तुम्ही कबूल केलंत हेच मोठं. मी त्याला हात जोडून म्हणालो, असं म्हणू नका. त्या वर्षापासून मी स्टेजवर बोलत नाही.

बाईंच्या व्हरांड्याचं काम मी करायचं नाही, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मी बरं म्हणालो. ती भिंत पावसाळाभर बांबूच्या टेकूवर उभी होती. दिवाळीनंतर चुन्याच्या दुकानात गेलो असताना दुकानदार म्हणाला, कॅम्पातल्या बाईंनी सुरगाण्याहून कुणी गवंडी बोलावलाय, चुना निवडून घेऊन गेला, एकेक खडा पाण्यात टाकून बघत होता.

दोन दिवसांनी मी त्या रस्त्याने गेलो. काम काही नव्हतं. तो व्हरांड्याच्या भिंतीवर बसला होता, खाली त्याची बायको घमेलं भरत होती. बाई आत खुर्चीवर बसून पेपर वाचत होत्या. गाडीच्या आवाजाने त्याने मान वर केली आणि मला पाहिलं. मी गाडी हळू केली होती. त्याने थापीवरचा माल विटेवर पसरला, वीट बसवली, मुठीने दोनदा ठोकली आणि पुढची वीट मागितली.

मी थांबलो नाही. थांबायचा हक्क मला नव्हता.